उचलता येणारा स्लूस: ओढ्यात मांडण्यापासून सोनं बाटलीत भरण्यापर्यंत

पॅन, म्हणजे रेती धुऊन सोनं वेगळं करायचं पसरट ताट, घेऊन नदीकाठी बसणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळते. सोनं असलेल्या जागीही ते इतकं विरळ असतं की पॅनभर रेती धुतल्यावर तळाशी दोन-तीन कण दिसले तरी नशीब म्हणायचं. अर्धा मिलिमीटर लांब-रुंद आणि त्याच्या दहाव्या हिश्शाइतका जाड पापुद्रा धरला, तर एक ग्रॅम भरायला असे चार हजारांहून जास्त पापुद्रे लागतात. पॅनने हे गणित बसत नाही. त्यासाठी स्लूस: काखेत मारून नेता येईल अशी एक उघडी पन्हळ. ती वाहत्या पाण्यात ठेवायची आणि वरच्या तोंडाशी रेती सोडायची. हलकं ते पाण्याबरोबर निघून जातं, जड ते तळाशी अडकतं. पॅनच्या कितीतरी पट रेती तेवढ्याच वेळात धुऊन होते.

पण ही पन्हळ आंधळी असते. ओसाड रेती घातली तर ती ओसाड रेतीच झपाट्याने धुऊन देते, आणि चुकीची मांडली तर चांगल्या रेतीतलं सोनंही तितक्याच झपाट्याने बाहेर टाकते. वरून पाहताना दोन्हींत फरक दिसत नाही. म्हणून या लेखात पेटीच्या वर्णनापेक्षा पाण्याचा अंदाज घेणं आणि बाहेर पडलेली रेती पुन्हा तपासणं यांवर जास्त लिहिलं आहे.

पट्टीमागे काय घडतं

शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट आणि गारगोटीची २.६५ पट. दोन्ही पाण्यात बुडाली की फरक आणखी वाढतो, कारण पाणी दोघांनाही सारखंच वर उचलतं. सारख्या आकाराचा सोन्याचा कण पाण्यात गारेच्या कणापेक्षा सुमारे अकरा पट जड भरतो. नदीतलं सोनं शुद्ध नसतं, त्यात चांदी मिसळलेली असते, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येतो. तरीही काळी वाळू, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट हे ५.२ घनतेचं लोहखनिज, त्याच्या जवळपासही येत नाही.

या हिशोबातले ‘सारख्या आकाराचा’ हे शब्द विसरू नका. मोठा हलका खडा आणि बारीक जड कण पाण्यात सारख्याच वेगाने खाली बसू शकतात. मग पाण्याला त्यांच्यात निवड करता येत नाही. रेती चाळून घालायची ती याचसाठी.

स्लूसच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्यांना रिफल म्हणतात. पाणी पट्टीवरून पुढे झेपावतं आणि पट्टीच्या मागच्या बाजूला एक छोटा आडवा भोवरा तयार होतो. या भोवऱ्यात रेती सतत ढवळत राहते. त्या ढवळण्यात हलके दाणे उचलले जाऊन मुख्य प्रवाहात जातात आणि जड दाणे खाली अंथरलेल्या चटईच्या धाग्यांत उतरतात. सगळी करामत या ढवळण्याची आहे. भोवरा मंदावला की पट्टीमागे रेती घट्ट बसते आणि मागून आलेलं सोनं त्या घट्ट थरावरून घसरत निघून जातं. भोवरा फार जोराचा झाला तर अडकलेलं सोनंही उपसलं जातं. स्लूस चालवायचा म्हणजे या दोन टोकांच्या मधली जागा शोधून तिथे टिकून राहायचं.

कोणती पेटी घ्यावी

पाठीवर नेण्याजोगी पेटी साधारण ९० सेंटीमीटर ते सव्वा मीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद असते. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर चार-पाच किलो वजन भरतं. वरचं तोंड पसरट असतं, म्हणजे जास्त पाणी आत येतं. त्यापुढे थोडा गुळगुळीत भाग, रेती टाकायला. मग पट्ट्या.

आतल्या रचनेचे दोन मुख्य प्रकार मिळतात. जुन्या पद्धतीत धातूच्या वाकवलेल्या पट्ट्या, त्यांच्याखाली जाळीचा पत्रा आणि सगळ्यात खाली गवतासारखी गुंतलेल्या धाग्यांची नायलॉनची चटई. या पट्ट्यांना हंगेरियन रिफल म्हणतात. पट्टीचा वरचा ओठ पाणी जातं त्या दिशेला झुकलेला हवा, म्हणजे त्याच्याखाली भोवऱ्याला जागा मिळते. साफ करून पुन्हा जोडताना चौकट उलटी बसण्याचा संभव असतो, तेव्हा वरच्या टोकाला रंगाची खूण करून ठेवा. नव्या पद्धतीत पट्ट्यांऐवजी एकसंध रबरी मॅट असते आणि तिच्यात आडवे खळगे कोरलेले असतात. ही धुवायला सोपी. पाण्याची एक बादली ओतली की मोकळी होते, आणि बारीक सोनं ती चांगलं धरते. नवशिक्याने रबरी मॅटची पेटी घ्यावी असं मी म्हणेन, कारण ती दर थोड्या वेळाने रिकामी करून पाहायला कंटाळा येत नाही, आणि शिकायचं ते त्या पाहण्यातूनच. खडबडीत, मोठ्या गोट्यांच्या रेतीत मात्र हंगेरियन पट्ट्या जास्त तग धरतात.

बाकीचं सामान साधं आहे. फावडं, छोटी पहार, खडकाच्या भेगा कोरायला वाकवलेला जाड तारेचा तुकडा. दोन बादल्या. त्यांच्या तोंडावर बसणारी १२ मिलिमीटर भोकांची चाळणी आणि शक्य असल्यास ६ मिलिमीटरची दुसरी. पॅन तर हवाच, स्लूस घेतला म्हणून पॅन सुटत नाही. पेटी धुवायला पसरट टब, सोन्याचे कण ओढून घेणारी दाबायची छोटी बाटली, झाकणाची काचेची किंवा प्लास्टिकची कुपी, लोहचुंबक, पेटी बांधायला दोर. ओली रेती लिटरला दोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे वीस लिटरची भरलेली बादली चाळीस किलोची होते. बादल्या अर्ध्याच भरा. पाठ दुखली की कामात घाई होते आणि घाईत सोनं जातं.

आधी परवानगी

नदीत सोनं दिसलं म्हणून ते उचलायचा हक्क मिळत नाही. जमिनीचा मालक एक आणि खालच्या खनिजाचा मालक दुसरा असू शकतो. काही ठिकाणी पॅन चालतो पण स्लूस नाही; काही ठिकाणी स्लूस चालतो पण पंप नाही. न्यूझीलंडमध्ये ठरवून दिलेल्या सार्वजनिक क्षेत्रांत बिनमोटरीच्या हातसाधनांनी सोनं धुता येतं, तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढावा लागतो. माशांच्या विणीच्या हंगामात नदीचा तळ हलवायला बंदी असणं हेही अनेक देशांत आढळतं. निघण्याआधी त्या ठिकाणचा नियम लेखी वाचा. कोणी तरी ‘चालतं’ म्हटलं यावर जाऊ नका.

जागा: स्लूस नंतर, पॅन आधी

सोनं नदीत पसरतं ते पुरात. एरवीच्या पाण्याला ते हलवायची ताकद नसते. पुराचा जोर जिथे एकदम ओसरतो तिथे जड ते खाली बसतं, म्हणून ओढा कोरडा असताना किंवा पाणी कमी असताना पुराच्या वेळचं पाणी कसं धावत असेल याचं चित्र डोळ्यांपुढे आणावं लागतं. वळणाच्या आतल्या बाजूला रेतीचा जो ओटा साचतो त्याचं वरचं टोक, म्हणजे पाणी येतं त्या बाजूचं, ही पहिली जागा. मोठ्या धोंड्याच्या मागची सावली ही दुसरी. अरुंद घळीतून पाणी मोकळ्या पात्रात पसरतं तिथेही पाहावं.

तळखडक उघडा पडला असेल तर नशीब उजळलं समजा. प्रवाहाला आडव्या गेलेल्या भेगा हे निसर्गाचेच रिफल आहेत. त्या तळापर्यंत कोरून काढा, शेवटच्या दोन बोटांत खरा माल असतो. खडक खोल असेल तर मधला घट्ट चिकणमातीचा थर त्याचं काम करतो आणि सोनं त्या थरावर साठतं. पुराच्या रेषेवर वाढलेल्या गवताच्या आणि शेवाळाच्या मुळ्यांतही बारीक सोनं अडकतं, पण जिवंत झाडोरा उपटू नका. काठ धरून ठेवणारा तोच असतो.

काळी वाळू दिसली की अनेक जण हरखतात. ती जड आहे, एवढंच ती सांगते. सोन्याशिवाय नुसती काळी वाळू भरपूर ठिकाणी सापडते. जुने खिळे आणि शिशाचे छर्रे सापडले तर मात्र मी तिथे जास्त वेळ देतो. शिशाची घनता ११.३ आहे, आणि पुराने जिथे शिसं टाकलं तिथे सोनं टाकलं असण्याची शक्यता चांगली.

नमुने घेताना माप सारखं ठेवा. प्रत्येक जागेहून चाळलेली दोन पॅन रेती घ्या, धुवा, कण मोजा, लिहून ठेवा. ‘इथे बरं दिसतंय’ ही नोंद नव्हे. ‘दोन पॅनला सात कण, खडकालगत’ ही नोंद. पात्राच्या आडव्या रेषेत चार-पाच जागा तपासल्या की सोन्याचा पट्टा कुठून जातो ते बहुधा उमगतं, कारण सोनं पात्रभर सारखं पसरत नाही. पॅनला काहीच लागत नसेल तर स्लूस खोलायचीही गरज नाही. पुढच्या वळणावर चला.

काठाला खालून पोखरू नका. वरची माती एका क्षणात अंगावर येते, आणि ओली माती फार जड असते.

पेटी मांडणं

आता खरं कौशल्याचं काम. रेती जिथे खणायची तिथे पेटी लावायला योग्य पाणी असेलच असं नाही. मग रेती बादलीने पाण्यापर्यंत न्यायची, पेटीला रेतीकडे ओढायचं नाही. लोक हे उलट करतात आणि संथ पाण्यात दिवसभर झगडतात.

पाण्याची गरज किती, याचा साधा हिशोब करू. २५ सेंटीमीटर रुंद पेटीत ५ सेंटीमीटर खोल पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहायचं, तर सेकंदाला साडेबारा लिटर लागतं. मिनिटाला ७५० लिटर. म्हणजे झुळझुळ ओहोळ पुरत नाही आणि बादलीने पाणी ओतून तर मुळीच भागत नाही. रबरी खळग्यांच्या मॅटला पाण्याचा थर बराच पातळ चालतो, त्यामुळे लहान ओढ्यावर तीच कामाला येते.

संथ डोह संपून पाणी खळाळात उतरतं ती जागा शोधा. तिथे मीटरभर अंतरात पाण्याची पातळी खाली गेलेली डोळ्यांना दिसते. ही उतरण पेटीला हवी. पाणी गुडघ्याच्या खाली असावं, आणि पेटीच्या शेपटाकडे प्रवाह जोरात असावा, म्हणजे बाहेर पडलेली रेती तिथेच न साचता वाहून जाईल.

तळाशी चपटे दगड मांडून पेटीसाठी बैठक करा. आधी आडवी पातळी. पेटी एका बाजूला कलली तर सगळं पाणी त्या बाजूने धावतं, दुसरी बाजू रेतीने भरते आणि अर्धी पेटी फुकट जाते. छोटी स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून पाहा. नसेल तर आत पाणी घेऊन पट्ट्यांवरच्या लाटा पाहा, दोन्ही कडांना सारख्या उठायला हव्यात.

मग उतार. जुना ठोकताळा आहे, फुटामागे एक इंच. ९० सेंटीमीटरच्या पेटीला साडेसात सेंटीमीटर, सव्वा मीटरच्या पेटीला साडेदहाच्या आसपास. मोबाइलमधल्या कोन मोजणाऱ्या अ‍ॅपवर हे पाच अंशांच्या थोडं आत येतं. ही सुरुवात आहे, शेवट नाही. रेती जड, काळ्या वाळूची असेल तर उतार थोडा वाढवावा लागतो. सोनं पिठासारखं बारीक असेल तर कमी. रबरी मॅट बनवणाऱ्याने उतार सांगितला असेल तर तो धरून सुरुवात करा, कारण खळग्यांच्या आकाराप्रमाणे तो बदलतो.

पेटी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड रचा आणि वरच्या तोंडाजवळ दोन्ही कडांवर टेकेल असा एक चपटा, जड दगड आडवा ठेवा. पाण्याला त्याचा अडथळा होता कामा नये. दोर काठावरच्या झाडाला किंवा मोठ्या धोंड्याला बांधा. भरलेली पेटी सुटून वाहत गेली तर सकाळपासूनची मेहनत तिच्याबरोबर जाते.

पाणी कमी पडत असेल तर तोंडाच्या दोन्ही बाजूंनी वरच्या अंगाला दगडांच्या दोन तिरप्या ओळी रचा, नरसाळ्यासारख्या. फटी बुजवायला ताडपत्रीचा तुकडा दगडांखाली दाबला की पाणी चटकन चढतं. उलट पाणी जास्त झालं तर त्याच ओळीतला एखादा दगड काढा. वेग आवरण्याचा हा मार्ग पेटी हलवण्यापेक्षा सोपा आहे.

एक बारीक गोष्ट राहते. कोरडी चटई पाण्यात घातली की धाग्यांत हवेचे बुडबुडे धरून बसतात. सोन्याचे पातळ पापुद्रे अशा बुडबुड्याला चिकटून तरंगत निघून जातात, सोनं जड असूनही. तेव्हा रेती घालण्याआधी चटई पाण्याखाली हाताने चोळून बुडबुडे काढा आणि पेटीतून थोडा वेळ नुसतं पाणी जाऊ द्या.

पाणी जुळलं की नाही, हे कसं ओळखायचं

मूठभर चाळलेली, शक्यतो बिनसोन्याची रेती वरच्या गुळगुळीत भागावर टाका आणि पाहत राहा. काही सेकंदांत बहुतेक रेती खाली निघून गेली पाहिजे आणि प्रत्येक पट्टीमागे काळ्या वाळूची एक बारीक कोर उरली पाहिजे. ती कोर स्थिर नसते. तिची वरची कड सतत नाचत असते, दाणे उठतात, बसतात. असं नाचणं दिसलं की पाणी जुळलं.

पट्ट्यांमधली जागा रेतीने काठोकाठ भरून गुळगुळीत झाली, तर वेग कमी आहे. पाणी वाढवा किंवा उतार किंचित चढवा. पट्ट्यांमागे काहीच उरत नसेल, चटई किंवा पत्रा स्वच्छ दिसत असेल, तर वेग जास्त आहे. फक्त मधल्या भागात खरवडल्यासारखं दिसत असेल तर मध्ये दगड अडकला आहे का ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. उतार आणि पाणी दोन्ही एकदम हलवलं की कशाने काय झालं ते कळत नाही.

इथे खर्च झालेला अर्धा तास वाया गेला असं वाटतं. वाटू द्या.

रेती घालणं

चाळणीतून गेलेली रेतीच पेटीत जायची. १२ मिलिमीटर ही नेहमीची भोकं. सोनं बारीक असेल तर ६ वर या. खडे जितके लहान, तितक्या संथ पाण्यावर पेटी चालते आणि तितकं बारीक सोनं राहतं. चाळणीवरचे गोटे फेकण्याआधी बादलीतल्या पाण्यात खळबळून धुवा, त्यांना चिकटलेल्या मातीत सोनं असतं. त्यांच्यावरून एकदा नजरही फिरवा. मोठा सोन्याचा तुकडा चाळणीतून खाली पडत नाही, तो वरच राहतो!

चिकणमाती हा स्लूसचा शत्रू. मातीचा गोळा पन्हळीतून गडगडत जाताना वाटेतले सोन्याचे कण अंगाला चिकटवून घेऊन बाहेर पडतो. अशी माती आधी बादलीत पाण्यात भिजवा, हाताने कुस्करा, पाणी गढूळ व्हायचं कमी होईपर्यंत ढवळा. मगच चाळा.

घालण्याचा वेग एकसारखा हवा. छोट्या खुरप्याने अर्धं खुरपं रेती, रुंदीभर पसरून, गुळगुळीत भागावर. ती निघून गेली, पट्ट्यांमागच्या कोरी पुन्हा दिसू लागल्या, की पुढचं खुरपं. बादली उपडी करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तसं केलं की सगळे भोवरे एकदम बुजतात, आणि ते मोकळे होईपर्यंत आलेलं सोनं त्या ढिगावरून थेट नदीत. अडकलेला खडा दिसला की लगेच बोटाने काढा, कारण त्याच्या भोवतीचं पाणी वेगाने धावून चटई खरवडतं.

दर थोड्या वेळाने शेपटाकडे पाहा. बाहेर पडलेल्या रेतीचा ढीग वाढला की पाणी तिथे तुंबतं, पेटीतला वेग उतरतो आणि वर सगळं बरोबर असूनही पट्ट्या भरू लागतात. फावड्याने ढीग ओढून बाजूला करा. पाण्याची पातळीही बदलत असते. बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे दुपारी फुगतात, वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी सूचना न देता वाढू शकतं. पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा काड्याकचरा वाहून येऊ लागला, तर आधी तुम्ही बाहेर या. पेटी गेली तर गेली.

बाहेर पडलेली रेती तपासा

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. शेपटाखाली पॅन धरा, दोन-तीन खुरपी रेती घालून होईपर्यंत, आणि जे पॅनमध्ये आलं ते नीट धुवा. सुरुवातीला एकदा, मग दर काही बादल्यांनंतर, आणि उतार किंवा पाणी बदललं की प्रत्येक वेळी. एखादा अगदी बारीक कण सापडला तर चालतं, कोणतीही पेटी शंभर टक्के धरत नाही. पण नमुन्यात मोजले होते त्या मापाचे कण बाहेर पडत असतील तर काम थांबवा.

दुसरी खूण पेटीतच असते. बहुतेक सोनं वरच्या एक-तृतीयांश भागात थांबायला हवं. खालच्या अर्ध्यात कण दिसू लागले तर ती धोक्याची सूचना: वेग जास्त आहे, किंवा रेती भराभर घातली जाते आहे, किंवा पेटी धुवायची वेळ होऊन गेली आहे. म्हणून धुताना वरचा भाग आणि खालचा भाग वेगळ्या टबात धुऊन पाहण्याची सवय लावा. दोन्हींतल्या कणांची तुलना केली की पेटी कशी चालली होती ते न विचारता कळतं.

पेटी कधी आणि कशी उचलायची

वरच्या दोन-चार पट्ट्यांमागची काळी वाळू पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या अर्ध्याहून पुढे सरकली की धुवायला काढा. जड रेतीत हे तासाभरातही होतं. नवीन जागी तर त्याआधीच काढून पाहा.

रेती घालणं थांबवा आणि पेटीतली हलकी रेती निघून जाऊ द्या, पण फार वेळ नुसतं पाणी चालू ठेवू नका. मग टब हाताशी घेऊन वरचा आडवा दगड काढा. पेटी उचलताना आधी शेपूट किंचित वर घ्या, म्हणजे आतला माल खाली घसरणार नाही, आणि सपाट धरून सरळ टबात न्या. जोडीला कोणी असेल तर हे काम दोघांनी करावं. तोंडाकडून पाण्याचा लोंढा आत घुसला तर दिवसभराची कमाई एका हिसक्यात खाली जाते.

टबात पेटी तिरपी उभी करून पट्ट्यांची चौकट काढा, तिच्यावर पाणी ओतून धुवा. चटई घडी घालून हळूच टबात घ्या, उलटी करा, पाण्यात आपटा, पिळा, पुन्हा आपटा. धाग्यांच्या चटईला चार-पाच वेळा तरी असं करावं लागतं. रिकाम्या पन्हळीचा तळही धुऊन घ्या, बारीक सोनं चटईखाली उतरलेलं असतं. टबात उरतं ते काळ्या वाळूचं घट्ट मिश्रण. ते झाकणाच्या डब्यात भरा. शेवटची निवड वाऱ्यात, थंड पाण्यात, मावळत्या उजेडात करण्यापेक्षा नंतर निवांत केलेली बरी.

काळ्या वाळूतून सोनं

आधी चाळा. २ मिलिमीटर, १ मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर अशा चाळण्या असतील तर मिश्रणाचे चार भाग होतात, आणि प्रत्येक भाग पॅनमध्ये वेगळा धुताना आकार सारखा असल्यामुळे फक्त घनतेचा फरक उरतो. आकार मिसळलेले ठेवून धुणाऱ्याला दुप्पट वेळ लागतो आणि बारीक सोनं तरीही निसटतं.

पॅनमधल्या पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घाला. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि तरंगणारे पापुद्रे बुडतात. हे घरच्या टबातच करायचं, नदीत नाही. मॅग्नेटाइट काढायला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाण्याखाली फिरवा, मग दुसऱ्या भांड्यावर नेऊन चुंबक पिशवीतून काढा, वाळू पडते. ती लगेच फेकू नका. चुंबकाला चिकटणाऱ्या दाण्यांच्या गुंत्यात सोनं अडकून येतं, म्हणून तीच वाळू आणखी एक-दोनदा चुंबकातून काढा. इल्मेनाइट, गार्नेट यांसारखे चुंबकाला फारसे न जुमानणारे जड दाणे उरतात. त्यांना पॅनच हलवतो: थोडं पाणी, पॅनच्या कडेला हलक्या टिचक्या, आणि काळं पुढे सरकत असताना पिवळं मागे राहतं. ते दाबायच्या बाटलीने ओढून कुपीत सोडा.

शंका असेल तर कण सावलीत पाहा. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं. अभ्रक कोन बदलला की विझतं. सुईच्या टोकाने दाबा. सोनं दबतं, वाकतं. पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं खनिज, तुटतं.

एखादा कण पांढरट, चांदीचा मुलामा दिल्यासारखा दिसला तर सावध व्हा. जुन्या खाणकामात सोनं धरायला पारा वापरत असत आणि तो अजूनही काही नद्यांच्या तळाशी आहे. असे कण वेगळ्या बंद कुपीत पाण्याखाली ठेवा, कधीही तापवू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि दिसत नाही. बारीक सोनं सुटतं म्हणून पारा वापरून पाहण्याचा सल्ला जुन्या जाणत्यांकडून आजही मिळतो. तो ऐकू नका. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात सोन्याच्या छोट्या खाणकामातला पाराही येतो. नायट्रिक अ‍ॅसिडने कण ‘स्वच्छ’ करणंही स्वयंपाकघरात करण्याचं काम नव्हे.

निघताना

खड्डे बुजवा, मोठे गोटे होते तिथे ठेवा, पाणी वळवायला रचलेल्या दगडांच्या ओळी मोडा, ताडपत्रीचा तुकडा विसरू नका. अशी उघडी भगदाडं मागे ठेवली की ती जागा पुढच्या सगळ्यांसाठी बंद होते.

चटई घरी पूर्ण वाळवा. ती ओली ठेवून दुसऱ्या नदीत घातली तर शेवाळ आणि सूक्ष्म जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ नदीत आढळल्यापासून सामान तपासा, धुवा, वाळवा हा तिथला पक्का शिरस्ता झाला आहे, आणि धाग्यांची चटई वाळायला सगळ्यात जास्त वेळ घेते. वाळल्यावर ती मोठ्या कागदावर धरून झटका. ओली असताना न सुटलेली धूळ खाली पडते. ती कागदासकट पॅनपाशी न्या, साबणाच्या थेंबात धुवा. धाग्यांत सगळ्यात घट्ट बसलेलं पिठासारखं सोनं बहुधा तिथेच सापडतं.